दोन रुपये दहा आणे

इंग्रजी वर्णमालेतल्या ‘व्ही’ या बाविसाव्या अक्षराबद्दल माझं कधी वाईट मत नव्हतं. चांगलंही नव्हतं. व्हिक्टोरिया राणी, व्हॅसलीन आणि रोमन आकड्यांतला पाच, एवढ्यापुरताच त्याचा-माझा संबंध. पण गेले आठ महिने या अक्षरानं आमच्या घरात ठाण मांडलं आहे. प्रश्न साधा आहे. एखाद्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिताना आकड्याच्या आधी व्ही लावायचा की नाही? लावला तर थोरला लावायचा की धाकटा? त्याच्यापुढे टिंब द्यायचं का? आणि टिंबानंतर जागा सोडायची का? हसू नका. चांगली शिकलीसवरलेली, वेळेवर जेवणारी माणसं या चार प्रश्नांपायी एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

त्याचं असं झालं. मी पुण्यातल्या एका छापखान्यात ३४ वर्षं मुद्रितशोधक होतो. मुद्रितशोधक म्हणजे ज्याला पुस्तकातलं पुस्तक सोडून बाकी सगळं दिसतं असा माणूस. कथेतली नायिका विहिरीत उडी घेत असते आणि आमचं लक्ष ‘विहिरीत’ल्या सुरुवातीच्या दोन्ही वेलांट्या पहिल्या आहेत ना, याकडे. नोकरी सुटल्यावर हा रोग सुटेल अशी आमच्या हिची भाबडी समजूत होती. तो उलट अंगात पसरला. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, काही सुटेना. शेवटी एका हॉटेलात मी मेनूकार्डावर लाल पेन काढलं तेव्हा हिनं माझ्या पुतणीला फोन केला आणि सांगितलं, “तुझ्या काकांना काहीतरी काम दे बाई. फुकटचं असलं तरी चालेल.”

पुतणीकडे फुकटचं काम भरपूर होतं. ती कॉम्प्युटरवाली. दिवसा पगारासाठी एका कंपनीत राबते आणि रात्री पुण्यासाठी – म्हणजे शहरासाठी नव्हे, चित्रगुप्ताच्या वहीतल्या – एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी राबते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचं पोट कोणीही उघडून बघावं, त्यात दुरुस्ती करावी, आणि दुरुस्त केलेलं पुन्हा गावभर वाटावं असं सॉफ्टवेअर. मला ते कळायला वेळ लागला नाही, कारण आमच्या आळीत सार्वजनिक गणपती आहे. तिथंही पगार कोणालाच नसतो, काम सगळे करतात, मूर्तीबद्दल दुमत नसतं आणि मांडवाच्या झालरीच्या रंगावरून दोन तट पडतात.

हिचं सॉफ्टवेअर छोट्या ग्रंथालयांसाठी आहे. पुस्तकं किती, वर्गणीदार किती, कोणतं पुस्तक कोणाकडे किती दिवस कुजतंय, याचा हिशेब ते ठेवतं. नाव सांगत नाही. मंडळी सज्जन आहेत आणि त्यांतली निम्मी अजून माझ्याशी बोलतात. त्याची २१२ पानांची माहितीपुस्तिका गेल्या दहा वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या हौशी लोकांनी इंग्रजीत लिहिलेली. आता तिचं मराठी करायचं होतं. “काका, भाषांतराआधी इंग्रजीवरून एकदा नुसती नजर टाका ना,” पुतणी म्हणाली. मुद्रितशोधकाला ‘नुसती नजर टाका’ म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडे नुसतं बघ म्हणण्यासारखं आहे.

पहिल्या चाळीस पानांतच एका आवृत्तीची मला अकरा रूपं भेटली. कुठं थोरला व्ही, कुठं धाकटा. कुठं व्ही आकड्याला चिकटलेला, कुठं अंतर राखून. कुठं ‘व्हर्शन २.१०’, कुठं ‘रिलीज २.१०’, कुठं नुसतंच ‘२.१०’, कुठं ‘२.१०.०’, कुठं ‘२.१०.एक्स’. एका उत्साही गृहस्थानं ‘व्हर्शन व्ही २.१०’ असं लिहिलं होतं. आणि एका ठिकाणी ‘सध्याची आवृत्ती’. हे सध्या कधीचं? तर सहा वर्षांपूर्वीचं. वाण्याच्या दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीसारखं हे ‘सध्या’ असतं. कधीही वाचा, खरंच. आणि कधीही वाचा, उपयोग नाही.

“काका, कळतं हो सगळ्यांना. व्ही म्हणजे व्हर्शन,” पुतणी म्हणाली.

“मग ‘व्हर्शन व्ही २.१०’ म्हणजे काय? आवृत्ती आवृत्ती २.१०? अगं, पिवळं पितांबर झालं हे.”

तिला पितांबर समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. मग तिनं मला गप्प बसवण्यासाठी एक नियमपत्रिका आणून दाखवली. तिचं नाव ‘सिमँटिक व्हर्शनिंग’. टॉम प्रेस्टन-वर्नर नावाचे एक गृहस्थ आहेत, गिटहबच्या संस्थापकांपैकी, त्यांनी ती लिहिली, तिची २.०.० ही आवृत्ती २०१३ सालची. म्हणणं असं, की आवृत्तीला टिंबांनी तोडलेले तीन आकडे असावेत. नुसती चूक दुरुस्त केली तर तिसरा आकडा वाढवा. जुन्याला धक्का न लावता नवीन काही घातलं तर दुसरा वाढवा. आणि जुनं चालेनासं होईल असा बदल केला तर पहिला. मला हे तत्काळ पटलं. तिसरा आकडा म्हणजे शुद्धिपत्र, दुसरा म्हणजे नवं प्रकरण, आणि पहिला म्हणजे लेखकानं मतच बदललं. आमच्या छापखान्यात ही पद्धत असती तर किती बरं झालं असतं! तिथं मुखपृष्ठाचा रंग बदलला की ‘दुसरी आवृत्ती’ व्हायची, आणि लेखकाचं मत बदललं तर तो ते कोणाला सांगायचाच नाही.

पण खरी गंमत त्या पत्रिकेच्या शेवटच्या प्रश्नोत्तरांत होती. ‘व्ही१.२.३’ ही या नियमाप्रमाणे आवृत्ती आहे का, असा तिथं सरळ प्रश्न आहे आणि उत्तर आहे, नाही. आवृत्ती १.२.३. मागचा व्ही ही लोकांची सवय. म्हणजे व्ही हा माणसाच्या नावाआधीच्या रा. रा. सारखा. पाकिटावर शोभतो, पण रा. रा. म्हणून कोणी बारशाला नाव ठेवत नाही. मी विजयी मुद्रेनं पुतणीकडे पाहिलं.

“पण काका,” ती म्हणाली, “आमच्या साठवणीतल्या लेबलांवर धाकट्या व्हीसकट लिहिलेलं आहे. वाचकानं व्ही गाळून ते नाव टाइप केलं तर कॉम्प्युटरला सापडणारच नाही.”

मुलगी हुशार आहे. बरणीवर जे लिहिलंय तेच मागितलं पाहिजे. तेव्हा तह असा झाला, की मजकुरात व्ही नाही, आणि जिथं लेबल जसंच्या तसं टाइप करायचंय तिथं व्ही धाकटा, चिकटून, बिनटिंबाचा. या एका तहाला ब्राझीलपासून जर्मनीपर्यंतच्या मंडळींची संमती मिळवायला सात आठवडे लागले.

यानंतर प्रकरण टिंबावर आलं. टिंबावरून भांडायला मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. १९६२ साली नव्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखे चेहरे झालेले मी बघितले आहेत. पण ते टिंब डोक्यावरचं होतं. हे पायाशी बसणारं आणि जास्त कपटी. ते दिसतं दशांशचिन्हासारखं, आणि दशांशचिन्ह नसतं. आपल्याला शाळेत छड्या मारून शिकवलेलं असतं, की २.९ मोठे आणि २.१० लहान, शेवटचं शून्य तर पुसून टाकायलाही हरकत नाही. इथं मात्र २.९ नंतर २.१० येते, मग २.११, आणि २.१ केव्हाच इतिहासजमा झालेली असते.

पुतणी हे नव्या लोकांना समजावून देताना तक्ते काढते. मी म्हटलं, “अगं, तक्ते कशाला? हा तर रुपये-आणे-पैचा हिशेब आहे!” १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली, तोवर आम्ही हेच करत होतो. रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा. वाण्याच्या वहीत तीन रकाने. दोन रुपये नऊ आण्यांनंतर दोन रुपये दहा आणे यायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. दोन रुपये दहा आण्यांतलं शून्य पुसून दोन रुपये एक आणा देणाऱ्याला वाण्यानं दुकानाच्या पायरीवरून ढकललं असतं. फरक एवढाच, की सॉफ्टवेअरचा आणा सोळाला थांबत नाही.

“काका, पण आणा म्हणजे नक्की काय हो?” तिनं विचारलं. ‘सोळा आणे खरं’ असं ती अधूनमधून म्हणते. ते आणे हेच, हे ऐकून तिला फार नवल वाटलं. जमिनीचं उदाहरण मात्र तिला लगेच कळलं, कारण तिच्या सासरी शेताची वाटणी चालू आहे. गट नंबर ४५/९ नंतर ४५/१० येतो. ४५/१० म्हणजे ४५/१ असं कोणी सातबाऱ्यावर लिहिलं असतं तर मुडदे पडले असते.

बाकीचं जग हा हिशेब कसा ठेवतं, हे पाहावं म्हणून मी जरा चौकशी केली आणि थक्क झालो. माणसानं आकड्यांशी इतकी मौज करावी? डोनाल्ड क्नूथ नावाचे अमेरिकेतले थोर गणिती. त्यांनी १९७८ च्या सुमाराला छपाईसाठी ‘टेक’ नावाचं सॉफ्टवेअर केलं. छपाईसाठी, तेव्हा हे आपले भाऊबंद. त्याच्या आवृत्त्या ३, मग ३.१, मग ३.१४, मग ३.१४१ अशा पायच्या दिशेनं जातात. दरवेळी एक आकडा वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला. त्यांनी सांगून ठेवलंय, की माझ्या मृत्यूनंतर आवृत्तीचा क्रमांक कायमचा पाय करावा, आणि त्यानंतर ज्या चुका उरतील त्या चुका नव्हेत, वैशिष्ट्यं समजावीत. चुका शोधणाऱ्याला हे गृहस्थ २ डॉलर ५६ सेंटचा चेक देत असत. मला ३४ वर्षांत एका लेखकानं चहा पाजला होता. तोही नंतर त्यानं छापखान्याच्या खात्यावर मांडला.

लिनक्सचे लिनस टॉरवाल्ड्स दुसऱ्या टोकाचे. २.६ वर त्यांची गाडी २००३ च्या डिसेंबरापासून जवळजवळ आठ वर्षं उभी होती. तिच्या पोटात २.६.३९ पर्यंत मजल गेली आणि २०११ साली त्यांनी एकदम ३.० जाहीर केलं. फार मोठा बदल झाला म्हणून? छे! आकडे फार लांबले म्हणून. हातापायांची बोटं मोजायला पुरेनाशी झाली की पहिला आकडा पुढं ढकलायचा, असं ते पुढं मोकळेपणानं सांगू लागले. ३.१९ नंतर ४.० आलं ते २०१५ साली. हा माणूस कुठल्याही मराठी किराणा दुकानात शोभला असता.

पण मला सगळ्यांत आवडली ती पीएचपीची गोष्ट. तिथं सहावी आवृत्ती कधी निघालीच नाही. निघणार निघणार म्हणून वर्षानुवर्षं गाजली, काम मात्र फसलं. दरम्यान काही लेखक-प्रकाशकांनी सहाव्या आवृत्तीवरची पुस्तकं छापून विकायलासुद्धा काढली! पुढं नवी आवृत्ती खरोखर करायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, की हिला सहा म्हणावं तर ती पुस्तकं हिच्याबद्दल काहीबाही सांगणार. अखेर मतदान होऊन ५.६ नंतर २०१५ साली थेट ७.० आली. नवरदेव आलाच नाही, पण त्याच्यावर लिहिलेली मंगलाष्टकं बाजारात मिळतात, असा प्रकार. छापलेल्या शब्दाची एवढी दहशत मी आमच्या छापखान्यात कधी पाहिली नव्हती.

आणि ग्रंथालयांसाठीच न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं ‘कोहा’ नावाचं मोठं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत ते चालतं. त्याची ३.२२ ही आवृत्ती झाली आणि पुढची २०१६ साली आली ती १६.०५. वर्ष आणि महिना. युक्ती चांगली आहे, क्रमांकावरूनच वय कळतं. पण ज्यानं पेपर वाचायचा सोडलाय असा ग्रंथपाल ‘मधल्या १२ आवृत्त्या आम्हाला कोणी का पाठवल्या नाहीत’ म्हणून रागावला तर चूक त्याची म्हणता येणार नाही.

असो. गाडी पुन्हा आमच्या पुस्तिकेवर आणतो. टिंबाचा निकाल लागेपर्यंत ‘वर’ उपटलं. ‘हे २.१० च्या वरच्या आवृत्त्यांत चालतं.’ वर म्हणजे? २.१० त आलं की नाही? आणि आवृत्तीला वर-खाली कशाला, ती काय चाळ आहे? गूगलच्या लेखनसंहितेतसुद्धा सांगितलंय, की आवृत्त्यांबाबत वर-खाली म्हणू नका, आधीची-नंतरची म्हणा. मराठीत तर ‘पुढची’ हाही सापळाच. पुढचा रविवार म्हणजे हाच की त्याच्या नंतरचा, यावर आमच्या घरात पाहुणे उपाशी राहिले आहेत. ‘पर्यंत’ तर विचारूच नका. सोमवारपर्यंत रजा घेतलेला कारकून मंगळवारी येतो आणि साहेब सोमवारी वाट बघत असतो.

पुतणी इथं कंटाळली. “काका, हे सगळं बरोबर आहे, पण एवढं काय बिघडतं त्यानं?”

बिघडतं कसं, ते तिलाच माहीत होतं. २०२१ च्या डिसेंबरात ‘लॉग फोर जे’ नावाच्या, जगभरच्या असंख्य कॉम्प्युटरांत बसलेल्या एका ओपन सोर्स तुकड्याला भलं मोठं भगदाड सापडलं, तेव्हा ती आठवडाभर धड जेवली नव्हती. दुरुस्ती म्हणून २.१५.० काढली. ती पुरेना म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. त्या दिवसांत जगातल्या तमाम कॉम्प्युटरवाल्यांपुढे एकच प्रश्न होता: माझ्याकडची आवृत्ती धोक्यातली की नाही? त्याचं अधिकृत उत्तर असं होतं, की २.०-बीटा९ पासून २.१५.० पर्यंत सगळ्या धोक्यात, मात्र २.३.१, २.१२.२ आणि २.१२.३ वगळून, कारण जुन्या यंत्रणा वापरणाऱ्यांसाठी त्या मागाहून वेगळ्या दुरुस्त केल्या होत्या. म्हणजे २.१२.१ वाल्यानं रात्र जागवायची आणि २.१२.२ वाल्यानं त्या भगदाडापुरतं निवांत झोपायचं. आता इथं कोणी ऐसपैसपणे नुसतं ‘२.१२’ लिहिलं तर कोणी झोपायचं?

हे मी तिला ऐकवलं. ती काही बोलली नाही. आणि मग १६३ वं पान आलं.

त्या पानावर एक तक्ता होता. जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाताना काय खबरदारी घ्यावी याचा. त्यात वाक्य होतं: ‘तुमची आवृत्ती २.१ च्या आधीची असेल, तर प्रथम देवघेवीच्या नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवा.’ मला ते खटकलं, कारण बाकी सगळीकडे ही सूचना २.१० च्या संदर्भात होती. मी लाल खूण केली. पुतणीनं ती पाहिली आणि एकदम गप्प झाली. हा तक्ता माणसानं लिहिलेला नव्हता. आवृत्त्यांच्या यादीवरून यंत्रानं केलेला होता. यादीत कोणीतरी २.१० हे अवतरणचिन्हांशिवाय घातलं, यंत्रानं ती संख्या समजून शेवटचं शून्य पुसलं. शाळेत शिकवलं होतं ना! हा रोग नवा नाही. पायथन या भाषेची ३.९ नंतर २०२१ च्या ऑक्टोबरात ३.१० आली, तेव्हा पुष्कळांच्या याद्यांत तिचं असंच ३.१ होऊन यंत्रं बारा वर्षांपूर्वीची आवृत्ती शोधत हिंडली होती.

मग पुतणीनं एक जुनं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातून आलेलं. दोन खोल्या, ११ हजार पुस्तकं, एक कॉम्प्युटर. ग्रंथपालबाईंनी वाक्यावाक्याला शब्दकोश बघून इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांच्याकडे २.९ होती. त्यांनी १६३ वं पान छापून घेऊन, ओळीखाली पेन्सिल फिरवत वाचलं होतं. २.९ ही २.१ च्या आधीची नाही. दशांशानं नाही आणि आण्यांनीही नाही. तेव्हा ती सूचना आपल्यासाठी नव्हे, असं समजून त्या पुढं गेल्या आणि बाहेर गेलेल्या ६४० पुस्तकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. पुस्तक आहे, वर्गणीदार आहे, पण कोणतं कोणाकडे ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आणि पत्राच्या शेवटी होतं: सूचना समजून घेण्यात आमच्याकडून काही चूक झाली असल्यास क्षमा असावी.

छापखान्याच्या नोकरीत मी वाचकांची पत्रं पुष्कळ वाचली. काना चुकला तर ती माणसं आईबाप काढतात. या बाईंनी एक अक्षरही चुकीचं वाचलेलं नव्हतं. गणित त्यांचं बरोबर, सावधगिरी बरोबर, आणि क्षमाही त्यांनीच मागायची! मी चष्मा पुसला. पुतणी म्हणाली, “तेव्हा आम्हाला वाटलं, त्यांनी पान नीट वाचलं नसेल.”

वाचनालय वाचलं ते तिथल्या शिपाईमामांमुळे. त्यांचा कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून अविश्वास. ते कोणाला न सांगता देवघेवीची जुनी वही चालवत राहिले होते. तीन आठवडे बसून त्या वहीवरून सगळ्या नोंदी पुन्हा केल्या. मामा पुतण्याच्या लग्नाला गेले होते त्या दोन दिवसांतली १७ पुस्तकं तेवढी वहीत नव्हती. त्यांतली नऊ लोकांनी आपण होऊन आणून दिली. बाकीची अजून वाचून व्हायची असतील.

त्या पत्रानंतर दीड पानाची नियमावली चार दिवसांत झाली. क्रमांक नेहमी तिन्ही आकड्यांनिशी लिहायचा. २.१० नाही, २.१०.०. एकतर दोन दशांशटिंबं असलेली संख्या जगात नसते, त्यामुळे यंत्राला शून्य खाता येत नाही. आणि माणसालाही ती बघताच कळतं, की हा दशांश नव्हे, दुसरंच काही प्रकरण आहे. ‘वरची’ नाही, ‘२.१०.० आणि नंतरच्या’. ‘सध्याची’ कुठंच नाही. ब्राझीलचे गृहस्थ तिसऱ्या आकड्याला उधळपट्टी म्हणत होते. पुतणीनं त्यांना बाईंचं पत्र पाठवलं, त्यानंतर त्यांनी एकट्यानं एका रात्रीत ७० पानं दुरुस्त केली. जर्मनीतल्या एका गृहस्थांनी आणखी एक सूचना केली, की ‘आवृत्ती’ हा शब्द ओळीच्या शेवटी आणि क्रमांक पुढच्या ओळीत असं होता कामा नये. हा माणूस मागच्या जन्मी आमच्या छापखान्यात असला पाहिजे.

मग मराठी भाषांतर सुरू झालं आणि वाटलं, आता सुटलो. कसलं काय! आकडे देवनागरी की इंग्रजी? देवनागरीच, मी म्हणालो. पुतणी म्हणाली, वाचक शोधताना इंग्रजी २.१०.० टाइप करणार आणि देवनागरी २.१०.० त्याला सापडणार नाही, कारण यंत्राच्या लेखी ती निराळी अक्षरं. मी म्हटलं, यंत्राला मराठी आकडा कळतच नाही म्हण ना! तर तिनं पायथन उघडून त्याला देवनागरीत ‘३.१०’ दिलं आणि त्याची संख्या करायला सांगितलं. त्यानं देवनागरी बिनचूक वाचली. वाचून उत्तर दिलं, ३.१. म्हणजे मराठी येतं, व्यवहार येत नाही. शेवटी मजकुरात देवनागरी आणि टाइप करायच्या ओळींत इंग्रजी, असं ठरलं. मला ते पूर्ण पसंत नाही, पण ग्रंथपालबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी हेच बरं पडेल म्हणून सांगितलं. आमच्यापैकी कोणापेक्षाही त्यांचं मत मी जास्त मानतो. त्यांनी आणखी एक कळवलं. कॉम्प्युटरवर आता कोणती आवृत्ती आहे हे मामांनी आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय: दोन रुपये दहा आणे तीन पै.

परवा कोणीतरी टूम काढली, की पुढच्या वर्षापासून आपणही वर्ष आणि महिना असेच क्रमांक देऊ या. रुपये-आणे सुटतील, शून्याची कटकट मिटेल. सगळ्यांना एकदम पसंत. पुतणीनं मला उत्साहानं फोन केला. मी एवढंच विचारलं, की एप्रिल हा ‘४’ लिहायचा की ‘०४’? कारण उबुंटू नावाची मंडळी २००४ पासून याच पद्धतीनं लिहितात आणि त्यांच्या पहिल्या दोन आवृत्त्या आहेत ४.१० आणि ५.०४. महिन्याच्या आधी शून्य आहे, वर्षाच्या आधी नाही.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “काका, काकूला फोन द्या.”